साऊंड चेक

एक मीटर वायर. किंमत साडेचौदा हजार रुपये.

बरोबर वाचलंत. वायर सोन्याची नव्हती. टोकाच्या कनेक्टरवर सोन्याचा मुलामा होता, बस्स तेवढंच. आणि ती मी विकत घेतली. पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या कार्डानं. फ्रीलान्स पत्रकाराला चेक कधी आणि कसे मिळतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी इथे माझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायला हरकत नाही.

तर झालं असं, की बाबा रिटायर झाले. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं. प्रेस शॉप म्हणजे छापखाना नव्हे, पत्रे ठोकून पार्ट बनवतात तो विभाग. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आणि रात्री जेवणानंतर नेरुळच्या आमच्या सिडकोच्या वन बीएचकेमध्ये कॅसेट. माणूस एरवी अबोल, पण कॅसेट लावली की त्यांचं सुरू. कुमार गंधर्व, किशोरीताई, वसंतराव. आणि या सगळ्यांच्याही वर एक कॅसेट, जिच्यावर कुणा मोठ्या गायकाचं नाव नाही. बाबांच्या एका मित्राच्या घरी, वाशीला, झालेली बैठक. बाबांनी स्वतः टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन रेकॉर्ड केलेली. मध्येच कुणीतरी खोकतं, कपबशी वाजते, आणि मागे दोन तंबोरे.

बाबांना गाण्यापेक्षा तंबोराच जास्त आवडतो, असा आईचा जुना आरोप आहे.

रिटायरमेंटची भेट म्हणून मी ठरवलं, की या सगळ्या कॅसेट डिजिटल करायच्या आणि बाबांना एक झक्कास सिस्टम लावून द्यायची. तीन महिने रविवार घालवून साठ-एक कॅसेट लॅपटॉपवर चढवल्या. मग दोन पॉवर्ड स्पीकर्स घेतले, म्हणजे ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो ते, आणि एक डॅक. डॅक म्हणजे लॅपटॉपमधल्या शून्य-एकच्या आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करणारी छोटी डबी. लॅपटॉप आणि डॅक यांच्यामध्ये एक यूएसबी केबल. ती डबीसोबतच आली होती, काळी, साधी, अगदीच कळकट चेहऱ्याची.

उद्घाटन झालं. बाबांनी ऐकलं. "छान आहे गं," म्हणाले. आमच्याकडे "छान आहे" याचा अर्थ काहीतरी खटकलंय, असा असतो.

दोन दिवसांनी बाहेर आलं. तक्रारी दोन. एक, मागे सतत "शींऽऽ" असा बारीक आवाज येतो. दोन, तंबोरा गेला. "वाजतोय, पण नुसता घुम्म. त्याची जवारी कुठे गेली?"

मी म्हटलं, बाबा, कॅसेटला हिस असतेच, जुनी टेप आहे. ते म्हणाले, "टेपची हिस मला तू सांगणार? ती खर्र अशी असते. ही वेगळी." म्हणून मग कुमारांचं रीतसर सीडीवरून घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं. कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यात किती वेळ घालवायचे, याचे किस्से गाण्यातली मंडळी आजही सांगतात. तिथंही तेच. शींऽऽ आहे. जवारी नाही.

इथे माझ्यातली पत्रकार जागी झाली, आणि गुगल उघडून बसली. पंधरा मिनिटांत निदान तयार. केबल!

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वात महागडा आठवडा ठरला. मुंबईतल्या एका शोरूममध्ये मला एका मऊ सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली आणि आधी "ऑर्डिनरी" केबलवर गाणं ऐकवलं, मग "ती" केबल लावून तेच गाणं. काय सांगू, पडदा दूर झाल्यासारखं वाटलं! सेल्समन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हाय्ज बघा कसे ओपन झाले." मीही मान डोलावली. दुसऱ्यांदा त्यानं व्हॉल्यूम थोडा वाढवला होता की नाही, हे बघायचं मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं? आवाज चिमूटभर जरी मोठा केला, तरी आपल्या कानाला तो "जास्त चांगला" वाटतो. ही ट्रिक या धंद्याइतकीच जुनी आहे. अर्थात हे मला नंतर कळलं.

वायर घरी आली. मखमली पिशवीत. किंमत मी साडेचारशे सांगितली. बाबांनी डोळे मिटून वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे गं."

झालं!

मग मी माझ्या एका मित्राला पकडून आणलं. तो ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करतो, पण मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्यानं आधी किंमत विचारली. खरी किंमत मी त्याला जिन्यात सांगितली. तो जिन्यातच बसला.

त्यानं जे समजावलं ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी याच महिन्यात बोनस हातात घेऊन त्या मऊ सोफ्यावर बसणार आहे.

सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की होतात सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. आणि २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची क्षमता किती? सेकंदाला ४८ कोटी बिट! म्हणजे ३४० लेनचा सायन-पनवेल हायवे आणि त्यावरून जाणारी एकुलती एक स्कूटर. ज्याला "हाय-रेझ" म्हणतात, ते २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवालं प्रकरणसुद्धा सेकंदाला ९२ लाख बिटांच्या आसपास. तिथं फार तर सात स्कूटर.

"पण रस्ता खराब असेल तर?" मी विचारलं. साडेचौदा हजार गेलेला माणूस शेवटपर्यंत लढतो.

तो म्हणाला, "रस्ता खराब असेल तर स्कूटर पडेल. स्कूटरचा रंग फिका नाही होणार." म्हणजे काय, तर केबल सदोष असली की आकडे हरवतात, आणि आकडे हरवले की आवाज तुटतो. टक्-टक् होतं, मध्येच गप्प होतं. फाइल कॉपी करताना चुकलेला भाग पुन्हा पाठवता येतो. चालू गाण्याला तेवढी फुरसत नसते, म्हणून चूक झाली तर ती धडधडीत ऐकू येते. पण तंबोऱ्याची जवारी तेवढी गाळून बाकी सगळं नीट पोचवणारी केबल? अशी हुशार केबल अजून कुणी बनवलेली नाही. शिवाय आजकालचे बहुतेक डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतात आणि लॅपटॉपकडून हवा तसा डेटा मागून घेतात. त्यामुळे केबलनं "टायमिंग" सुधारतं वगैरे जे सांगितलं जातं, तेही कॉफीबरोबर गिळून टाकायचं.

(जाता जाता, यूएसबी ज्या टीमनं घडवलं तिच्या म्होरक्यांपैकी एक, इंटेलचे अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पहिलं स्टँडर्ड आलं १९९६ मध्ये. सगळ्या जगानं एकच साधी, स्वस्त वायर वापरावी, ही त्यामागची कल्पना. गायकवाडांच्या बडोद्यातून शिकून गेलेल्या माणसाच्या साध्या वायरला आपण मखमली पिशवीत घातलं!)

मग बघायचं काय? त्यानं बोटं मोडून सांगितलं. पहिलं, ती डेटा केबल आहे ना? लोकलमध्ये पन्नास रुपयांना मिळणाऱ्या अनेक वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. तिनं फोन चार्ज होईल, डॅक मात्र लॅपटॉपला दिसणारच नाही. लांबी पाच मीटरच्या आत हवी, घरात दीड-दोन मीटर पुष्कळ. टोकं घट्ट बसायला हवीत, हलवल्यावर लुटलुटणारी नकोत. आणि डॅकच्या मागे तो चौकोनी पोर्ट असेल, तर... "तुमच्या घरी प्रिंटर आहे?"

आहे. आई सोसायटीची सेक्रेटरी आहे, नोटिसा छापते.

"त्याची वायर काढ."

प्रिंटरची वायर डॅकला चपखल बसली. कारण ती तीच वायर आहे हो! लॅमिंग्टन रोडला मी नंतर मुद्दाम जाऊन आले. कुर्ल्याला बदला, दादरला बदला, मग ग्रँट रोड, उन्हाची पायपीट. दुकानदाराला "डॅकसाठी यूएसबी केबल" म्हटल्यावर त्यानं मागे वळूनही न बघता हाक मारली, "छोटू, मॅडम को प्रिंटर केबल दे." दीडशे रुपये. बिल हवं असेल तर एकशे सत्तर.

पण शींऽऽ? मित्रानं कान लावला आणि म्हणाला, आवाज तर आहे. पण हा "शीं" नाही, "भूंऽ" आहे. मग त्यानं लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. भूं गायब! पुन्हा लावली, भूं हजर. चार्जर एका भिंतीच्या सॉकेटमध्ये, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या. दोघांचीही तीन पिनची अर्थिंग, आणि मधून यूएसबी केबल, त्यामुळे अर्थिंगच्या तारांचा एक मोठा गोल तयार झालेला. त्या गोलातून आपल्या मेन्सचा पन्नास हर्ट्झचा आवाज थेट स्पीकरमध्ये. सगळ्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणल्या आणि प्रश्न मिटला. याला ग्राऊंड लूप म्हणतात. त्यावर साडेचौदा हजारांच्या केबलचा काडीचाही परिणाम झाला नव्हता. उगाच कुणी शहाणपणा करून चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कापू नका, तो जिवाशी खेळ आहे.

मी विजयी मुद्रेनं बाबांना बसवलं. "आता?"

बाबांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं. आणि पाहुण्यासमोर म्हणाले, "छान आहे."

त्या रात्री मी त्यांच्यावर चिडले. बरीच चिडले. तुमचं समाधानच होत नाही, तुम्हाला जुनंच सगळं चांगलं वाटतं, मी तीन महिने रविवार घातले, वगैरे. साडेचौदा हजारांचा आकडाही बाहेर पडला. बाबा काहीच बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "कात्री कुठे ठेवलीत हो?" गॅलरीतून उत्तर आलं, "रात्री? रात्री नको, उद्या बघू." एरवी यावर आम्ही हसतो. टीव्हीचा व्हॉल्यूम, भलत्याच प्रश्नाची भलती उत्तरं... आमच्या घरातला हा जुना जोक आहे.

रविवारी मी परीक्षा घ्यायची ठरवली. एकदाच काय तो सोक्षमोक्ष. सिस्टमपुढे चादर टांगली, चादरीमागे आई. ती नाणं उडवणार, छापा आला तर मखमली वायर, काटा आला तर प्रिंटरची. अर्धा मिनिट गाणं, मग गाणं थांबवून अर्धा मिनिट नुसती शांतता. बाबा आणि मी, दोघांनी कालनिर्णयच्या जुन्या पानांमागे लिहायचं, वायर कुठली आणि "शीं" आहे की नाही. असे दहा राऊंड.

माझा निकाल: दहापैकी चार बरोबर. नाणं माझ्यापेक्षा हुशार निघालं. शोरूममध्ये पडदा दूर झाला होता ना? घरी चादर लावल्यावर तो दूर होईना.

बाबांनी वायरचा रकाना कोराच ठेवला होता. "मला दोन्ही सारख्याच वाटल्या." शींच्या रकान्यात मात्र दहाही ठिकाणी त्यांच्या त्या सुबक, कंपनीच्या रजिस्टरमधल्या अक्षरात लिहिलेलं: आहे. आहे. आहे.

आई चादरीमागून बाहेर आली. तिनं कागद बघितला आणि खाली बसली.

"सातव्या नंबरपासून," ती म्हणाली, "गाणं थांबलं की मी बटणच बंद करत होते. भिंतीवरचं. सगळंच बंद."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. बाबांना बहुतेक माझ्या आधी कळलं, कारण ते स्पीकरकडे बघतच नव्हते. पंखाही बंद होता. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. "आत्ता येतोय?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. येतोय.

"कधीपासून?"

"रात्री असतोच," बाबा म्हणाले. "मला वाटायचं फ्रिजचा आहे."

आई म्हणाली, "मला संशय होता." कात्रीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

वाशीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री झाली. काचेची छोटी खोली, हेडफोन, आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होते. ऑपरेटर बाईंचा हात यंत्रावर फिरत होता आणि बाबांचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला. लांब लांब वेळ तसाच. नंतर डॉक्टरांनी आलेख दाखवला. २००० हर्ट्झपर्यंत रेष बरी. तीन हजारांपाशी उतार, चार हजारांवर खड्डा. दोन्ही कानांना. खड्डा बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो वयाचा नव्हता. "काम काय करायचात?"

चार हजारांवरचा खड्डा ही कारखान्याच्या गोंगाटाची सही असते म्हणे. आतल्या कानात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, ठोक्या-ठोक्यानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आणि कानाकडून येणारा सिग्नल कमी झाला, की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवून बसतो, त्यातून हा शींऽऽ येतो, असं बहुतेक संशोधक आज मानतात. इंग्रजीत टिनिटस, आपल्याकडे कर्णनाद. नाव किती सुंदर, नाही?

मी घरी येऊन वाचत बसले. कारखान्यातल्या गोंगाटाला आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमांत होती. गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टच्या यादीत होता, म्हणजे तो आढळला तर सरकारला कळवावा लागायचा. "तुम्हाला इअरप्लग नव्हते?" मी बाबांना विचारलं. "होते ना. इन्स्पेक्शनच्या दिवशी वाटायचे. एरवी कापूस." मग थोड्या वेळानं, "प्लग घातला की मागून येणारी ट्रॉली ऐकू यायची नाही गं. माणूस सापडायचा." केस करायची का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी चहाचा कप धुवायला घेतला.

एक गोष्ट मात्र मला वाचताना लख्ख दिसली. तंबोऱ्याची तार घोडीवर सपाट टेकते, मध्ये सुताचा धागा सरकवलेला असतो, आणि त्या स्पर्शातून वरचे बारीक स्वरांश उमटत राहतात. तीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलंय. छेडलेल्या तारेत नियमाप्रमाणे जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ठणठणीत उमटतात, हे त्यांनी दाखवलं. त्या बारीक, वरच्या स्वरांशांचाच बाबांच्या कानातून ऱ्हास झाला होता. खालचा घुम्म तेवढा उरलेला. बाबा पहिल्या दिवसापासून अचूक सांगत होते. मी वायर बदलत होते.

दीड महिन्यापूर्वी श्रवणयंत्रं ट्रायलवर आणली. किंमत विचारू नका. मखमली वायरचे पैसे त्यात पहिल्या हप्त्याला उपयोगी पडले असते, पण शोरूमनं पाकीट फोडल्याचं कारण देऊन वायर परत घेतली नाही. ती आता प्रिंटरला आहे. आमच्या सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिसा नवी मुंबईत सर्वात हाय-फाय असाव्यात. डॅकला प्रिंटरची वायर आहे आणि ती उत्तम चालते.

पहिला आठवडा वाईट गेला. प्लास्टिकच्या पिशवीचा कुरकुराट सहन होईना. भांडी, कावळे, आईच्या बांगड्या, सगळं अंगावर येत होतं. शींऽऽ गेलेला नाही. "मागे सरकलाय" असं ते म्हणतात. डॉक्टरांनी दोनदा ट्यूनिंग बदलून दिलं, एक सेटिंग खास गाण्यासाठी.

परवा रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःहून ती वाशीच्या बैठकीची फाइल लावायला सांगितली. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यात पाच-एक मिनिटं नुसते तंबोरे जुळवणं चालू आहे. मी भीत भीत त्यांच्याकडे बघत होते. "छान आहे" येतं की काय.

बाबांनी कपाळाला आठी घातली. हात वर करून मला थांब म्हणाले, पुन्हा ऐकलं.

"डावीकडचा उतरलाय गं," ते म्हणाले. "तेव्हाही उतरलेलाच होता. मी सांगितलं होतं त्याला."